५८ टक्के आणि तत्त्वज्ञान: एका प्रवेशाचं प्रकरण

२१ मे २०२४ ला बारावीचा निकाल लागला. या प्रकरणातल्या मुलाला ६०० पैकी ३५२ गुण मिळाले, म्हणजे ५८.६७ टक्के. शाखा विज्ञान, आणि पुढे शिकायचं होतं तत्त्वज्ञान. कुटुंब नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं. वडील विकास सोसायटीत गटसचिव, आई घर आणि शेत दोन्ही बघते, धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती. मी बरीच वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं आहे, म्हणून ओळखीच्या ओळखीतून ही मंडळी माझ्याकडे आली. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव वगळून, हे सविस्तर लिहिते आहे. कमी गुणांत तत्त्वज्ञान शिकायला कुठे जावं, हा प्रश्न दर जूनमध्ये कुणी ना कुणी विचारतं आणि त्याला ठरलेली दोन उत्तरं मिळतात. एक, "एवढ्या मार्कांत चांगलं कॉलेज कुठलं मिळणार?" दुसरं, "आर्ट्सच करायचंय ना, मग कुठलंही चालेल." या दोन उत्तरांपायी मुलांची तीन-तीन वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

गुणपत्रिका काय सांगते

मराठी ७४, इंग्रजी ६८, जीवशास्त्र ६६, भौतिकशास्त्र ५१, रसायनशास्त्र ४९, गणित ४४. दहावीला ८१ टक्के होते आणि त्या जोरावर, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, फारसं न विचारता सायन्सला घातलेलं.

५८ टक्क्यांच्या सगळ्या गुणपत्रिका सारख्या नसतात. काहींत सगळे विषय ५५ ते ६२ च्या पट्ट्यात असतात. काहींत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या विषयात तीस गुणांचं अंतर असतं, जसं इथे. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा अभ्यासाची सवय किंवा शिकवणीच मुळात कमी पडलेली असते. कॉलेज बदलून तिथे फारसा फरक पडत नाही, आधी सवय लागावी लागते. दुसऱ्या प्रकारात मूल चुकीच्या वर्गात बसलं होतं, एवढी शंका घ्यायला जागा असते. पण ती शंकाच. मराठी-इंग्रजीत बरे गुण आहेत म्हणजे तत्त्वज्ञान जमेल, असं मी कधीच धरत नाही. गुळगुळीत परिच्छेद लिहून मुद्द्याला हातही न लावणारी मुलं खूप असतात, आणि बोर्डाच्या भाषेच्या पेपरात त्यांना गुण छान मिळतात.

म्हणून मी आधी त्याला विचारलं, हे खूळ आलं कुठून? अकरावीत तो वक्तृत्व स्पर्धेत उतरला होता. विषय होता इच्छामरण. पहिल्या फेरीत बाजूने बोलायचं होतं, दुसऱ्या फेरीत विरोधात. अरुणा शानबाग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल त्याने दोन्ही फेऱ्यांसाठी वापरला आणि दोन्ही वेळा टाळ्या मिळाल्या. "मॅडम, दोन्हीकडून बोलता आलं याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. मला मात्र झोप लागली नाही. दोन्ही बरोबर कसं असेल?" हे ऐकल्यावर मी वहीत पहिली नोंद केली. तत्त्वज्ञानाकडे येणारी बरीच मुलं "मला खोल विचार करायला आवडतं" असं सांगत येतात, त्याने मला काहीच कळत नाही. याच्याकडे एक नेमकी अडचण होती आणि ती त्याला टोचत होती.

एक पान लिहून आण

मग मी त्याला 'मिलिंदपन्हा' या पाली बौद्ध ग्रंथातला रथाचा संवाद वाचायला दिला. ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला नाव विचारतो. नागसेन म्हणतो, 'नागसेन' हे केवळ व्यवहारापुरतं नाव; त्यामागे कुणी व्यक्ती सापडत नाही. राजाला हे पटत नाही. नागसेन विचारतो, तू आलास कशाने? रथाने. मग रथ दाखव. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? सांगाडा? हे सगळं मिळून? राजा प्रत्येक वेळी 'नाही' म्हणतो. या सगळ्याला सोडून वेगळा रथ आहे का? तेही नाही. मग रथही नावच.

सांगितलं एवढंच: एका पानात लिही, नागसेनाचं म्हणणं पटतं की नाही, आणि का.

पहिलं पान अपेक्षेप्रमाणे आलं. अर्धं पान गोष्टीचा सारांश, मग "नागसेनाने अतिशय सुंदर उदाहरण देऊन जीवनाचे सत्य उलगडले आहे", आणि शेवटी माणसाने अहंकार सोडावा. बारावीच्या मराठीच्या पेपरात याला भरघोस गुण मिळाले असते. मी पान परत केलं आणि समासात एकच प्रश्न लिहिला: राजाने कुठल्या पायरीवर 'नाही' म्हणायला नको होतं?

दुसरं पान दोन दिवसांनी आलं. त्यात त्याने लिहिलं होतं की आस, चाकं, सांगाडा यांचा अंगणात ढीग घातला तर तो रथ होत नाही, तिथे राजाचं 'नाही' बरोबर. पण तेच भाग जोडून उभे केले तर त्यात बसून जाता येतं. म्हणजे भागांच्या जोडीला रचना नावाचं काहीतरी असतं आणि नागसेनाने ते यादीत धरलंच नाही. राजा घाईने 'नाही' म्हणाला. इथपर्यंत आल्यावर मी खुर्चीत सरळ बसले. पण खरी गंमत शेवटच्या चार ओळींत होती. त्याने स्वतःच्याच आक्षेपाला नागसेनाच्या बाजूने उत्तर दिलं होतं: रचना म्हणजे भागांमधले संबंध, आणि ते संबंध तरी वेगळी वस्तू म्हणून कुठे सापडतात? "म्हणून मला अजून ठरवता येत नाही, पण राजा हरला तेवढ्या लवकर हरायला नको होता."

शुद्धलेखनाच्या चुका होत्या, 'सिद्ध करणे' आणि 'सांगणे' यात गल्लत होती. पण दुसऱ्याचा युक्तिवाद पायरी-पायरीने उलगडायचा, कमकुवत पायरी शोधायची आणि मग विरोधकाला त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर द्यायचं, हे तत्त्वज्ञानाचं मूळ काम त्याने एका प्रश्नाच्या इशाऱ्यावर केलं होतं. बारावीच्या एकाही पेपरात हे तपासलं जात नाही. आणि ते केवळ एका प्रश्नाने बाहेर आलं, हे माझ्या दृष्टीने कॉलेज निवडण्याचं सूत्र ठरलं. या मुलाला असं ठिकाण हवं होतं जिथे कुणीतरी त्याचं पान वाचेल, समासात प्रश्न लिहील आणि ते परत करेल. बाकी सगळं त्यानंतर.

टेबलावरचे पर्याय

दिल्ली हा त्याचा स्वतःचा पहिला पर्याय होता. हिंदू कॉलेजसारख्या ठिकाणी तत्त्वज्ञानाची ऑनर्स पदवी आहे. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाचे पदवी प्रवेश सीयूईटी या देशभरच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावीची टक्केवारी पात्रतेपुरती लागते. म्हणजे ५८ टक्केवाल्याला हा दरवाजा तत्त्वतः उघडा आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या कित्येक घरांना माहीतच नसते. सीयूईटीत निवडता येणाऱ्या तेरा भाषांत मराठीही आहे. पण अर्ज बारावीच्या निकालाच्या बऱ्याच आधी भरायचे असतात. २०२४ ची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपली होती आणि याला त्या परीक्षेचं नाव निकालानंतर कळलं. मग वर्ष थांबायचं का? त्याची तयारी होती. मी विरोध केला. सायन्समध्ये दोन वर्षं मनाविरुद्ध काढलेल्या मुलाने आणखी एक वर्ष बहुपर्यायी प्रश्नांच्या सरावात घालवावं, तेही त्याला जे शिकायचं आहे त्याचं एक पान न वाचता, हे मला पटेना. शिवाय दिल्लीत राहण्याचा खर्च वडिलांना कर्जाशिवाय झेपणार नव्हता. ज्या मुलांना अकरावीतच हे ठरवता येतं, त्यांनी मात्र सीयूईटी जरूर द्यावी.

खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांत अर्जातला निबंध आणि मुलाखत यांना वजन असतं, त्यामुळे सरासरी गुण तिथे तितके आड येत नाहीत. आड येते ती फी, वर्षाला लाखांत. शिष्यवृत्त्या असतात, पण त्यावर भरवसा ठेवून घर बांधता येत नाही. तत्त्वज्ञानाच्या पदवीसाठी शैक्षणिक कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या पदवीनंतरची पहिली काही वर्षं पुढचं शिक्षण किंवा स्पर्धा परीक्षा यांत जातात, आणि त्या काळात हप्ते सुरू असणं माणसाला भलत्याच दिशेला ढकलतं.

दूरशिक्षण राखीव म्हणून ठेवलं. इग्नूत तत्त्वज्ञान शिकता येतं आणि तिथलं अभ्याससाहित्य खरंच चांगलं आहे. पण अठरा वर्षांच्या मुलाला ज्याची सर्वांत जास्त गरज होती ते, म्हणजे परत आलेलं पान, तिथे पुरेसं मिळत नाही.

आणखी एक वाट वडिलांनी सुचवली आणि ती मुळीच वाईट नव्हती: आधी इंग्रजी किंवा अर्थशास्त्रात बीए करावं आणि एमएला तत्त्वज्ञान घ्यावं. अनेक विद्यापीठांत एमए तत्त्वज्ञानाला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. जवळपास तत्त्वज्ञानाचा धड विभाग नसेल तर मी हीच वाट सुचवते. निकृष्ट विभागातल्या तत्त्वज्ञानाच्या पदवीपेक्षा चांगल्या विभागातली इतिहासाची किंवा अर्थशास्त्राची पदवी केव्हाही बरी. इथे गरज पडली नाही.

उरली महाराष्ट्रातली अनुदानित कॉलेजं. पुण्यात फर्ग्युसन, स. प., मुंबईत झेवियर्स, रुईया, विल्सन अशा ठिकाणी तत्त्वज्ञान शिकवण्याची जुनी परंपरा आहे. तत्त्वज्ञ गुरुदेव रानडे फर्ग्युसनमध्येच शिकवत होते. मुंबईचा राहण्याचा खर्च बघून ती यादी आधीच मिटली. पुण्यातल्या दोन आणि जिल्ह्यातल्या एका कॉलेजचे अर्ज भरले. कुठली, ते सांगत नाही.

वडिलांचा प्रश्न

"मॅडम, पोरगं हुशार आहे ते मलाबी दिसतं. पण याला पुढं काय?"

या प्रश्नाला टोलवाटोलवी करणारे प्राध्यापक मला आवडत नाहीत. मी त्यांना जे सांगितलं ते असं. प्राध्यापक व्हायचं तर एमए, मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, बहुधा पीएचडी, आणि त्यानंतरही जागा निघण्याची वाट. राज्यात तत्त्वज्ञानाच्या मंजूर जागा थोड्या आणि भरल्या जातात त्याहून थोड्या; तोवर तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर काम, ज्यावर घर चालत नाही. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, पण ती मोजक्यांनाच मिळते. कायद्याची वाट पक्की: पदवीला खुल्या गटातून ४५ टक्के असले की तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी देता येते, आणि युक्तिवाद वाचायची सवय तिथे रोज कामाला येते. यूपीएससीत तत्त्वज्ञान हा ऐच्छिक विषय आहे, मुख्य परीक्षेतल्या १७५० लेखी गुणांपैकी ५०० त्याचे, आणि २०१३ पासून नीतिशास्त्राचा वेगळा पेपरही आहे. पण यूपीएससीसाठी म्हणून तत्त्वज्ञान घेणाऱ्यांना मी परावृत्त करते. अभ्यासक्रम आटोपशीर आहे या कारणाने घेतलेला विषय पदवीची तीन वर्षं तग धरत नाही. प्रकाशन, अनुवाद, पत्रकारिता, शाळा, सामाजिक संस्था, इथेही माणसं जातात, पण पदवीच्या नावावर नाही, लिहिता येतं म्हणून जातात.

वडील सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे बारावीचे मार्क पुढं कुणी विचारणार नाही?" अगदी बरोबर पकडलं त्यांनी. नेटसाठी एमएचे ५५ टक्के बघतात, एलएलबीसाठी पदवीचे. पदवीच्या नव्या चार वर्षांच्या रचनेत संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. ५८.६७ या आकड्याचं काम जून-जुलैत संपतं. मात्र पदवीचे गुण आयुष्यभर लागतात, म्हणून जिथे हा मुलगा दबून जाईल अशा ठिकाणी त्याला केवळ नावासाठी बसवणं मला धोक्याचं वाटत होतं.

त्यांना दुसरी एक गोष्ट सांगितली, अमळनेरची. साने गुरुजींमुळे गाव त्यांना माहीत होतं. तिथलं तत्त्वज्ञान मंदिर प्रताप शेठजींनी १९१६ साली काढलं, हे मात्र ठाऊक नव्हतं. १९३० च्या दशकात के. सी. भट्टाचार्य यांच्यासारखा देशातला पहिल्या रांगेतला तत्त्वज्ञ कलकत्त्याहून येऊन खानदेशातल्या त्या गावात संचालक म्हणून राहिला. तत्त्वज्ञानाला प्रयोगशाळा लागत नाही. ग्रंथ आणि वाद घालायला दोन-चार जाणती माणसं लागतात. ती जिथे आहेत ते ठिकाण मोठं.

तीन कॉलेजं, तेच प्रश्न

प्रॉस्पेक्टसवर माझा विश्वास नाही. तत्त्वज्ञान हा विषय कागदावर असतो आणि वर्गात नसतो, असं फार ठिकाणी झालं आहे. विद्यार्थी कमी म्हणून वर्कलोड, म्हणजे शिकवायचे तास, कमी, वर्कलोड नाही म्हणून जागा भरत नाही, जागा नाही म्हणून विषय नीट शिकवला जात नाही, म्हणून विद्यार्थी आणखी कमी. हे चक्र एकदा सुरू झालं की पाच-सात वर्षांत विभाग संपतो, पण छापील यादीत नाव तसंच राहतं. म्हणून वडील आणि मुलगा प्रत्येक ठिकाणी स्वतः गेले, एका ठिकाणी मीही गेले. विचारायचं काय ते ठरवून दिलं होतं: तत्त्वज्ञान मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून मागच्या वर्षी किती मुलांनी घेतलं, पूर्णवेळ शिक्षक किती, त्यांची निवृत्ती कधी, ट्युटोरियल लिहून घेता का आणि तपासून परत देता का. शेवटी ग्रंथालय.

पुण्यातल्या पहिल्या कॉलेजची यादी याच्या गुणांच्या बरीच वर बंद झाली. तो विषय संपला.

दुसऱ्या कॉलेजच्या तिसऱ्या यादीत याचं नाव लागलं. कॉलेज मोठं, नाव सगळ्या जिल्ह्याला माहीत. घरात पेढे वाटले गेले. मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाचं स्टेटस ठेवलं. प्रवेश घ्यायला तीन दिवसांची मुदत होती आणि त्यात आम्ही विभागाची चौकशी केली. पूर्णवेळ शिक्षकाची जागा रिकामी होती, तास सीएचबीवर चालत. तत्त्वज्ञान मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून मिळेल. मेजर म्हणून पुरेशी मुलं आली तरच उघडेल, आणि मागच्या वर्षी आली नव्हती. "नाही उघडलं तर राज्यशास्त्र घ्या, तेही चांगलं आहे," असं कार्यालयातल्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितलं. ग्रंथालय मोठं होतं. कांटवरचं मराठी पुस्तक मुलाने मागवलं आणि मागचं पान उघडलं. परतीच्या तारखांच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का २०१३ चा होता. शेजारची दोन पुस्तकं काढली, त्यांचंही तसंच.

जिल्ह्यातलं कॉलेज तुलनेने साधं. इमारतीला रंगाची गरज होती, वसतिगृह नव्हतं, एसटीचा पास काढून रोज ये-जा करावी लागणार होती. विभागात पूर्णवेळ शिक्षक दोन. वडिलांनी निवृत्तीचं विचारलं तेव्हा ज्येष्ठ सर जरा थबकले, मग हसून म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझी अजून चार वर्षं आहेत, मॅडमची बरीच." मेजरला मागच्या वर्षी नऊ मुलं होती. ट्युटोरियलचं विचारल्यावर सरांनी कपाटातून गठ्ठाच काढून ठेवला. वरचं पान मी वाचलं. प्लेटोच्या गुहेच्या दृष्टांतावर लिहिलेलं होतं, अक्षर वाईट, आणि समासात लाल शाईत: "हे प्लेटो म्हणतो की तू?" खाली, "कैद्याला परत गुहेत का पाठवतो, ते राहिलं. पुन्हा लिही." त्याच मुलीचं दुसऱ्यांदा लिहिलेलं पान त्याला टाचणीने जोडलेलं होतं.

ग्रंथालय म्हणजे एक लांबोडी खोली. मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तिन्ही खंड होते, बांधणी सैल झालेले. 'परामर्श' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकाचे जुने अंक होते. इंग्रजी पुस्तकं थोडी आणि जुनी. समकालीन तर फारच कमी. पण चिठ्ठ्यांवर त्याच वर्षीच्या मार्चपर्यंतचे शिक्के होते.

बाहेर पडताना मुलगा काही बोलला नाही. बसमध्ये वडिलांना म्हणाला, "दादा, मला इथं यायचंय."

निर्णय आणि त्याची किंमत

दादांना हा निर्णय सोपा गेला नाही. पेढे वाटून झाले होते. "लोकं म्हणतील, पुण्याला नंबर लागला आणि सोडला." मी त्यांना समजावण्याच्या भरात पुण्याची बाजू झाकली नाही, कारण ती खरी होती. मोठ्या कॉलेजात आजूबाजूची मुलं वेगळी असतात, इंग्रजी कानावर पडतं, शहरात व्याख्यानं होतात, विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग आणि भांडारकर संस्था तिथेच आहेत. अठराव्या वर्षी घर सोडण्याचाही एक फायदा असतो. हे सगळं सोडायचं होतं. त्याच्या बदल्यात मिळणार होतं ते एवढंच: हवा तो विषय मेजर म्हणून नक्की, दोन शिक्षक, नऊ-दहा मुलांचा वर्ग आणि परत येणारी पानं.

माझं मत जिल्ह्यातल्या कॉलेजकडे होतं आणि ते मी स्पष्ट सांगितलं. पुण्यात तत्त्वज्ञान मेजर पक्कं असतं, एक जरी पूर्णवेळ शिक्षक असता, तर मी उलट सांगितलं असतं. राज्यशास्त्राची पदवी घ्यायला एवढी यातायात करायची गरज नव्हती. प्रवेश रद्द करायला दादा स्वतः गेले. जिल्ह्यातल्या कॉलेजचं वर्षाचं शुल्क काही हजारांत होतं. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्जही त्याच आठवड्यात भरला.

मायनर काय घ्यायचं यावरून आमची थोडी ओढाताण झाली. त्याला मानसशास्त्र हवं होतं, मी अर्थशास्त्र किंवा इंग्रजी म्हणत होते. शेवटी इंग्रजी ठरलं, आणि त्याचं कारण भाषेचा प्रश्न. विद्यापीठाची परीक्षा मराठीतून लिहिता येते आणि पहिली दोन वर्षं त्याने मराठीतूनच लिहावं, या मताची मी आहे. विचार नवा आणि भाषाही परकी असली की मुलं पाठांतराकडे वळतात. पण नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो, बाहेरच्या विद्यापीठांतलं एमए इंग्रजीत असतं. म्हणून वाचन इंग्रजीत, लिखाण मराठीत असं ठरवून टाकलं. ग्रंथालयातली इंग्रजीची कमतरता बऱ्याच अंशी मोबाइलवर भरून निघाली. स्टॅनफर्ड एनसायक्लोपीडिया ऑफ फिलॉसफी पूर्ण मोफत आहे, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची तत्त्वज्ञानावरची व्याख्यानं आहेत. सुरुवातीला त्याला स्टॅनफर्डचा एक लेख संपवायला आठवडा लागे. लागू दे म्हटलं.

त्यानंतर

पहिल्या सत्राचा निकाल बेताचा लागला, दहापैकी ६.८. तर्कशास्त्रात मात्र तो वर्गात पहिला आला, आणि याचं त्याच्या घरी सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण गणितात ४४. मला तेवढं वाटलं नाही. सत्यता-कोष्टकं आणि अनुमानाचे नियम यांत सूत्रं लक्षात ठेवण्यापेक्षा प्रत्येक पायरी का वैध आहे हे बघावं लागतं, आणि रथाच्या संवादात त्याने तेच केलं होतं. गुण गेले ते पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या पेपरात. फ्रेंच तत्त्वज्ञ डेकार्तच्या संशयावरच्या दहा गुणांच्या प्रश्नात त्याने डेकार्तचं म्हणणं चार ओळींत उरकून दोन पानं आक्षेप घेतले होते. सरांनी उत्तरपत्रिकेची प्रत समोर ठेवून त्याला सांगितलं, "आधी डेकार्तला त्याचं म्हणणं पूर्ण मांडू दे. परीक्षकाला तुझं वाचन दिसलं पाहिजे, मग तुझी बुद्धी." विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तर कसं मांडायचं हे कसब शिकावं लागतं आणि ते शिकवणारं कुणी असावं लागतं. दुसऱ्या सत्रात ७.४, तिसऱ्यात ७.९.

सगळं सुरळीत आहे असं नाही. मेजरची मुलं नऊवरून सात झाली. रोजच्या बसमध्ये दोन-अडीच तास जातात. त्यातले जाताना तो वाचतो, येताना झोपतो. वर्गात वाद घालणारी मुलं दोनच, आणि तिसरा कुणी भेटावा म्हणून तो महाराष्ट्र तत्त्वज्ञान परिषदेच्या अधिवेशनाला सरांबरोबर जाऊन आला. तिथे एका सत्रात त्याने प्रश्न विचारला आणि निबंध वाचणाऱ्या बाईंनी त्याला नंतर शोधून काढून आपल्या लेखाची प्रत दिली. इच्छामरणाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आता तो त्याबद्दल बोलताना एखाद्याला मरू देणं आणि मारणं यांत नैतिक फरक आहे का, एवढ्याच प्रश्नावर थांबतो, आणि ही प्रगती आहे.

सध्या चौथं सत्र चालू आहे आणि पुढचा निर्णय आत्तापासूनच डोकावतो आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचं आणि सीयूईटी-पीजी देऊन हैदराबाद किंवा जेएनयूसारख्या ठिकाणी दोन वर्षांचं एमए करायचं, की चौथं वर्ष करून एमए एका वर्षात आटपायचं? चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर ७.५ ची सरासरी हवी. तीन सत्रांची बेरीज २२.१ आहे, म्हणजे उरलेल्या तीन सत्रांत सरासरी ७.६३ मिळवावी लागेल. ते त्याच्या आवाक्यात आहे. पण दोन शिक्षकांच्या विभागात चौथं वर्ष चालेल का, हे अजून ठरलेलं नाही, आणि ज्येष्ठ सरांची निवृत्तीही त्याच सुमारास येते. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे. सीयूईटी-पीजीचे अर्जही परीक्षेच्या बरेच आधी निघतात, म्हणून यंदा दादांनी स्वतःच्या डायरीत डिसेंबरच्या पानावर ते आधीच लिहून ठेवलं आहे.